सकाळचा पेपर

बकल मनगटावर बसलं तेव्हा आधी आवाज आला, दुखणं मागून. थोरलीनं हात पोटाशी धरला. बाबांनी उत्तरांच्या कागदावर पुढच्या चुकीवर बोट ठेवलं आणि पट्टा पुन्हा उचलला. एका चुकीला एक, हा त्यांचा दर. कारखान्यात ते माल तपासायचे. सगळे तुकडे एकाच पट्टीनं मोजायचे, कमी भरला की फेकायचा. घरी आल्यावरही तीच नोकरी.

स्वयंपाकघरात आईनं नळ पूर्ण सोडला. पट्टा निघाला की तिचा नळ सुटायचा. रिकाम्या बादलीत पाणी असं दणदणायचं, की शेजाऱ्यांना वाटावं, काय स्वच्छ बाई आहे.

मुली जुळ्या, प्रवेशपरीक्षा एकच. थोरलीची सकाळच्या शिफ्टला, धाकटीची दुपारच्या. बरोबर उत्तरं जाहीर झाली आणि धाकटीचे वीस गुण जास्त भरले.

थोरलीनं मार खाताखाता सांगून पाहिलं. सकाळचा पेपर जीवघेणा होता, दुपारचा सोपा. गुण आहेत तसे धरतच नाहीत. आपल्या शिफ्टमधल्या शंभरातल्या किती जणांना मागं टाकलं ते बघतात, आणि मग दोन्ही शिफ्टना एका मापावर आणतात.

"पट्टीला सकाळ-दुपार नसते," बाबा म्हणाले, आणि उरलेल्या चुका वसूल केल्या.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. डॉक्टरनं मान वर न करता लिहून घेतलं. कुठल्या मजल्यावरचा जिना, एवढंही त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही.

निकाल लागला तेव्हा प्लास्टर हातावरच होतं. थोरलीनं शंभरातल्या पंच्याण्णवांना मागं टाकलं होतं, तिचा प्रवेश पक्का. धाकटी अठ्ठ्याऐंशीवर अडकली. बाबांनी मोबाइल जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ पडला. तो मऊ चेहरा पाहून धाकटीनं भिंत गाठली.

"माझ्याकडून तुझं माप चुकलं," ते थोरलीला म्हणाले. असलं वाक्य या घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं. "चुकलं की दुरुस्त करायचं. तू खाल्लास तो मार हिचा होता."

त्यांनी कमरेचा पट्टा काढला, तिच्या डाव्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसले.

"तूच मार. मी मोजतो."

धाकटी सवयीनं खाली बसली, डोकं गुडघ्यांत घालून.

"कितपत जोरात?" थोरलीनं विचारलं.

"मी कधी हात आखडता घेतला?"

"नाही," थोरली म्हणाली.

तिनं पट्टा मुठीला गुंडाळला, बकल मोकळं ठेवून, ते गुंडाळायचे तसा. मग ती खुर्चीकडे वळली. धाकटीनं मान वर केली, बहिणीकडे पाहिलं, उठली आणि दाराला आतून कडी घातली.

स्वयंपाकघरात आईनं नळ पूर्ण सोडला.