अकरा चादरी, तीन चिमटे

माणूस तोंडानं काहीही सांगो, त्याचं खरं-खोटं कॉलरच्या आतल्या बाजूला दिसतं, असं इस्त्रीमावशींचं ठाम मत होतं. बावीस वर्षं लाँड्रीत इस्त्री फिरवल्यावर एवढी मिजास कुणालाही शोभली असती.

संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात मात्र ही मिजास गार पडायची. मुलीनं हट्टानं तिथं त्यांचं नाव घातलं होतं. वर्गातल्या बाई वयानं त्या मुलीएवढ्याच. त्यांनी खोलीत एक दोरी बांधली होती. ज्यानं त्यानं आपलं मत कागदावर लिहायचं आणि कागद दोरीवर टाकायचा. एक कारण दिलं की कागदाला एक चिमटा. मग बाई पंखा लावत. टिकला तो कागद खरा.

मावशींचा पहिलाच कागद होता, 'आमचा मुकादम दुष्ट आहे.'

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"दुष्टच आहे तो! कुणालाही विचारा."

"तुम्हालाच विचारतेय की."

"आईशप्पथ सांगते, बाई!"

"शपथेला चिमटा मिळत नाही, मावशी."

पंखा फिरला आणि मुकादमाचा दुष्टपणा भिरभिरत कपाटामागे जाऊन पडला. वर्ग खो खो हसला. मावशींना राग आला. त्या रागातही त्यांच्या नजरेनं आपलं काम केलंच. बाई हजेरीचं पुस्तक रोज टेबलाच्या त्याच कोपऱ्यात ठेवतात. म्हणजे खाली टेबलावरच्या कापडावर डाग आहे! जगाकडे पुरावे मागणारी बाई स्वतः डाग झाकते, हे मावशींना फारच आवडलं. वेळ आली की काढू, म्हणून त्यांनी ते मनात घडी घालून ठेवलं.

वेळ आधी त्यांच्यावरच आली. मंगळवारी एका लॉजनं अकरा चादरी परत पाठवल्या. पांढऱ्या कापडावर तपकिरी पट्टे. मुकादमानं गठ्ठा मावशींच्या टेबलावर आपटला.

"जाळल्यात तुम्ही. मालक म्हणतात, उद्यापासून येऊ नका."

घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. 'आईशप्पथ' मावशींच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीतल्या घरघरणाऱ्या पंख्याकडे गेलं आणि त्यांनी शपथ गिळली.

"मी जाळल्या? कशावरून?"

हा प्रश्न मुकादमाला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "आता... डाग तपकिरी आहेत. इस्त्री तुमच्या हातात. आणखी काय पाहिजे?"

"पाहिजे ना! हा तुमचा एकच चिमटा झाला." मावशींनी चादर पसरून वर इस्त्री ठेवली. "इस्त्रीनं जाळलं तर डागाला इस्त्रीचं टोक दिसेल. हे सरळ पट्टे आहेत. एक झाला. आता वीत लावून बघा, प्रत्येक पट्टा एक वीत अंतरावर. ओल्या चादरी आणायच्या ढकलगाडीच्या सळयासुद्धा वीतभर अंतरावर आहेत, आणि त्या गंजल्यात. दोन झाले."

"पण मग सगळ्याच चादरींना गंज का नाही लागला?"

"सळईला टेकते ती फक्त तळाची. परवा मी गाडी किती वेळा ओढून आणली? अकरा वेळा. परत किती आल्या?"

मुकादमानं नकळत चादरी मोजल्या. धुलाईवाले दादा हात पुसत पुढे आले. "अहो, तोंडाची वाफ कशाला दवडता? इस्त्रीची वापरा." त्यांनी जेवणाच्या डब्यातलं अर्धं लिंबू आणि मीठ पुढे केलं. जळलेलं कापड लिंबानं थोडंच परत येतं? मावशींनी पट्ट्यावर लिंबू चोळून ज्या इस्त्रीवर आळ होता तिचीच वाफ सोडली. पट्टा फिका झाला, पिवळा झाला, गेला.

मुकादमानं पट्ट्याच्या जागी बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, "चुकलं माझं, मावशी. मालकांना मीच सांगतो." आणि जिना चढण्याआधी त्यानं गाडीवर स्वतःच्या हातानं प्लॅस्टिक अंथरलं.

कपाटामागचा तो कागद तिथंच राहिलेला बरा, असं मावशींनी ठरवून टाकलं.

संध्याकाळी त्या वर्ग भरण्याआधी पोचल्या. हातात लिंबू, पदराला मिठाची पुडी.

"बाई, ते हजेरीचं पुस्तक उचला. खाली गंजाचा डाग आहे."

बाई दचकल्या, पण सवय जाते कुठं! "कशावरून?"

"पंखा लावला की सगळं आवरता, पुस्तक हलवत नाही. चिमट्यांचा पत्र्याचा डबा आधी त्या कोपऱ्यात असायचा, कापडाला त्याचा वळ अजून आहे. आणि डब्याचा तळ गंजलाय, मी बघितलाय."

बाईंनी पुस्तक उचललं. खाली डब्याएवढा गोल डाग. दोघींना एकदमच हसू फुटलं.

लिंबू चोळता चोळता मावशींनी लाँड्रीतली गोष्ट सांगितली, सळया, वीत, अकरा खेपा, सगळं. बाईंचे डोळे भरले, तर मावशींनी त्यांना दटावलं, "रडू नका, कापडावर पडेल." आभार मानायला त्यांची जीभ वळत नव्हती. हात मात्र वळत होते, म्हणून त्या डाग घासतच राहिल्या.

डाग पुरता गेला नाही, पुसटशी कड उरली. बाईंनी त्या दिवशी हजेरीचं पुस्तक तिच्यावर ठेवलं नाही.