आठ पाहुण्यांचं आवतण

बेंदराच्या आदल्या दिवशी कामथडीत बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ठकुबाईंच्या गोठ्यात आता बैल उरला नव्हता. पण वरव्याजवळच्या प्रयोगशाळेत त्या उंदरांची निगा राखत. जनावर ते जनावर, म्हणून आवतण तिथं देत.

गेल्या साली नुसत्या आवतणावर भागलं नाही. बेंदराला बाईंनी पदराआड पुरणपोळी नेली आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात कण कण घातली. माया आंधळी, दुसरं काय! पिकावर फवारायच्या औषधानं यकृत बिघडतं का, याची ती चाचणी. वरच्या गोडधोडानं तिचा पार विचका झाला. दर आठवड्याला आठ उंदीर मारून आत पाहायचं, अशी रीत होती. बत्तीसच्या बत्तीस फुकट गेले, नवे बत्तीस आणावे लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख शेफाली मॅडमनी बाईंची नोकरी राखली, हे त्यांचं मोठेपण. बाईंनी मात्र आवतण सोडलं. जेवायला बोलवायचं आणि कापायचं, ते कुठल्या तोंडानं?

यंदा मॅडमनी खटपट करून कॅमेरा आणवला. उंदराला औषधानं घटकाभर झोपवायचं, जिवंतपणीच आतलं यकृत पाहायचं आणि परत पिंजऱ्यात सोडायचं. महिनाभर तेच आठ.

"पण उद्या पहिल्याच पाहणीत चित्र पुसट आलं, तर पुन्हा जुनी रीत, मावशी," मॅडम म्हणाल्या.

उद्या नेमका बेंदूर. ठकुबाई पिंजऱ्यांपुढं बराच वेळ घुटमळल्या. शेवटी वाकून म्हणाल्याच, "आज आवतण घ्या, बाबांनो, उद्या जेवायला या. बोलावलंय म्या, आता माजी लाज राखा."

सकाळी एकेक करत आठही यकृतं पडद्यावर लख्ख दिसली. आठही जण डुलत जागे झाले. महिनाअखेरीला त्यांचीही सुटका नव्हती, हे बाई जाणून होत्या. पण बत्तिसांतले उरलेले चोवीस यंदा या खोलीत आलेच नव्हते. मॅडमच्या त्या उपकारानं बाईंचा ऊर भरून आला.

त्यांनी तोलून दिलेलं कोरडं खाद्य घातलं, वर एक कणही नाही. मग हात धुऊन बाहेर आल्या आणि डबा उघडला.

"मॅडम, पाव्हणं आलं बगा जेवायला. पर पोळी त्यास्नी चालत न्हाई. त्यांचा घास तुमी खावा."

मॅडमनी उभ्या उभ्याच पोळी खाल्ली, आठ घास करून.