तळ्यातलं मोरचूद

केशवराव माझा धाकटा दीर, आणि मला तो डोळ्यांसमोर नको असतो. मोहगावजवळ आमचे संत्र्याचे दोन वेगळे बगीचे आहेत, पण मधलं शेततळं सामाईक; त्यात मी मासे सोडलेले. तोंड बघायचं नाही म्हटलं तरी पाणी एकच.

मार्चमध्ये त्याच्या ठिबकचा फिल्टर गोगलगायींनी तुंबला. नखाएवढ्या, चपट्या, मेंढ्याच्या शिंगासारखा पीळ पडलेल्या. तो तणतणत माझ्या अंगणात आला.

"तुमच्या मासोळ्यांसंगं आली ही घाण. आजच मोरचूद टाकतो तळ्यात."

मोरचूदाचे निळे विषारी खडे आमच्याकडे घरोघरी असतात. चुन्यात कालवून संत्र्याच्या खोडांना लावतात.

"खोडाचं औषध पाण्यात टाकता काय?" मी म्हटलं. "त्या शेवाळ खाऊन राहिल्या, सडका पाला खाऊन राहिल्या, म्हणून पाणी नितळ हाय. पाइपाच्या तोंडाले जाळी बांधा."

"मले अक्कल नका शिकवू, वहिनी."

माझ्यादेखत त्यानं पाच किलो ओतलं. तिसऱ्या दिवशी माझे मासे पोट वर करून तरंगत होते, काठाशी गोगलगायींचा खच सडत होता. मी त्याला नको नको ते बोलले. तो हसून मोकळा झालेला फिल्टर दाखवत होता.

तीन आठवड्यांत त्याचं हसू जिरलं. खाणारं कुणी उरलं नाही, सडलेल्याचं खत झालं, आणि तळं शेवाळानं गच्च भरलं. फिल्टर तासातासाला तुंबू लागला. ऐन उन्हात झाडांना पाणी पुरेना, गोटीएवढं फळ गळायला लागलं. त्याचंही, माझंही.

मग तो बादली घेऊन फाटकाशी उभा राहिला. "तुमच्या ढोराच्या टाक्यात गोगलगायी हायेत म्हणते. थोड्या द्या."

बादली त्याच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. पण झाडं माझीही होती. टाक्यातल्या दहा काढल्या आणि आधी तळ्याच्या बादलीभर पाण्यात सोडून पाहिल्या. थोड्याच वेळात त्या पाण्याबाहेर चढू लागल्या. दोन खाली पडल्या त्या हलल्याच नाहीत.

"मोरचूद गाळात हाय अजून, पाण्यात उतरून राहिलं," मी म्हटलं.

"मंग पाणी कधी सुधरन?"

"तुमचं समदं फळ पडून झाल्यावर."

माझंही पडणार होतं. तरी ते त्याला म्हणताना मला फार बरं वाटलं.