कापूस भावाच्या ग्रुपवरचा सोमवार

"दख, सारिका, हाऊ बोकड्या दारनी बेल वाजाडस!" झुलालनानांनी मोबाइल लेकीच्या नाकाशी धरला.

व्हिडिओतला बोकड मागच्या पायांवर उभा राहून बेल दाबत होता. मालकिणीनं दार उघडलं की साळसूदपणे दुसरीकडे बघत होता.

"याआधी कोंबडा होता ना, नाना?"

"मंग? दर सोमवारले कोंबडाच दखाडू का? लोके काय म्हनतीन!"

लोके म्हणजे 'कापूस भाव' ग्रुपवरचे शेतकरी. धरणगावच्या जिनिंगवर नानांनी जन्मभर मापाडी म्हणून कापूस तोलला. काम सुटलं, फोन हाती आला. घरच्यांसाठी निवडलेला एक गमतीचा व्हिडिओ आणि त्यामागून स्वतःच्या आवाजात बोलून पाठवलेली आजीची आठवण चुकून भावाच्या ग्रुपवर गेली. ग्रुप चालवणारा दलाल अभिमन तडकला होता, "नाना, आठे भाव टाकतस, येडा चाळा नई!" पण पुढच्या सोमवारी भाव पडताच पार साक्रीकडून विचारणा झाली, "भाव समजना. नानानं काय?" तेव्हापासून सोमवारी आधी भाव, मग नाना. एक गंमत, एक घरची आठवण.

सारिकालाही त्यांनी ग्रुपवर घेतलं होतं. ती ऐके, एकटीच हसे, स्वतः मात्र कधी काही टाकत नसे.

"सकाय सोमवार, ऐकजो हां," रविवारी संध्याकाळी बसमध्ये बसवताना नाना म्हणाले. ती जळगावला, पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी परतली. पहाटे आईचा, भिकुबाईंचा फोन आला. नाना झोपेतच गेले होते. त्या दिवशी अभिमननं ग्रुपवर नुसते जोडलेले हात टाकले.

पुढच्या सोमवारी तो दारावर आला तेव्हा ओट्यावर सतरंजी होती, बोलायला आलेली माणसं होती.

"अक्का, भाव टाकी दिधा," तो भिकुबाईंना म्हणाला. "लोके नानानी वाट दखी राह्यनात. काय सांगू?"

वनाकाका, नानांचे धाकटे भाऊ, उसळले. "सुतकमां हासाडतस का? लाज वाटू दे जराशी!"

"मी नई आबा, लोके इचारतस."

"सांग त्यास्ले, दुकान बंद व्हयनं."

सारिकानं मान वर केली. आज ग्रुप गप्प राहिला तर पुढच्या सोमवारी नुसते भाव पडतील आणि त्याचं कुणाला काही वाटणारही नाही. तिनं आईकडे बघितलं.

भिकुबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "त्यास्नी कोनले रडाडीसन धाडं व्हतं का कधी? बोल वं माय."

सारिकानं आपला फोन तोंडाशी धरला.

"मी लहान होते. नानांनी मला जिनिंगवर नेलं आणि कापसाच्या गाठोड्यावर बसवून काट्यावर ठेवलं. शेठ म्हणाला, 'मापाडी, ओल-कचऱ्यासाठी वजनातून कडता कापता तुम्ही. इचा किती कापू?' नाना म्हणाले, 'कापूसना काय तो काप. मनी आंडेरना कडता नई. पुरं वजन लिख.' शेठ लिहायला लागला आणि तेवढ्यात मी खालचा कापूस ओला केला. शेठ म्हणाला, 'आता बोल!' नाना म्हणाले, 'कापूसना कडता वाढाव, शेठ. पोरना नईच.'"

ओट्यावर कुणीतरी फसकन हसलं. ते वनाकाका होते. हसता हसता त्यांनी उपरणं तोंडात कोंबलं आणि त्यांचे खांदे हलत राहिले.

फोनवर हसरे चेहरे आले, जोडलेले हात आले. मग साक्रीकडच्या कुणाचा तरी खरखरीत आवाज आला, "गोष्ट ते नानानीच शे. पन हाऊ नंबर नवा दिखस. कोन बोली राह्यनं?"

जळगावच्या कॉलेजात ओळख करून देताना सारिका नाव सांगे, वाचनालयातली नोकरी सांगे आणि तिथंच थांबे. आपण मापाड्याची लेक, हे कधी सांगत नसे.

तिनं बटण दाबून धरलं.

"मी सारिका. झुलाल मापाडीनी आंडेर."