आठाला टेकलेला काटा

बिल बघून ईनिड आधी हसलीच. "क्लॅरी, अरे ऐकलंस का, बेकरीवाल्याचं बिल चुकून आपल्याकडे आलंय!" असं मोठ्यानं म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं, की ऐकायला घरात कोणी नाही. नवऱ्याला जाऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते. माणूस जातो, हाक मारायची सवय थोडीच जाते? तिनं चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. एकट्या बाईनं एवढी वीज जाळायची म्हणजे काय घरात भट्टी लावली होती की काय!

पैशांचं एक वेळ तिनं कसंतरी निभावलं असतं. धास्ती होती ती ग्रेमची. ग्रेम तिचा एकुलता एक मुलगा, होबार्टला इंजिनियर. बाप गेल्यापासून त्यानं आईचे कागदपत्र 'नुसते नजरेखाली' ठेवायला घेतले होते, आणि बिलाची एक प्रत त्याच्याकडेही जात होती. संध्याकाळी फोन वाजलाच.

"आई, हीटर रात्रंदिवस चालू ठेवतेस का गं?"

"मुळीच नाही. झोपताना बंद करते."

"तुला वाटतं बंद केला. ती किटली नाही का जाळलीस?"

"बाबांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी एक किटली जळाली, ग्रेम. तुझ्या बापानं एकदा अख्खी शेड जाळली होती. त्याला नाही कुणी वृद्धाश्रमात धाडलं!"

वृद्धाश्रम हा शब्द तिच्याच तोंडून निघाला आणि ग्रेमनं तो बरोब्बर पकडला. किंग्स्टनच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होते आहे, चांगली आहे, उबदार आहे, महिनाअखेरीस त्यांना उत्तर हवंय. रविवारी येतो, मग बोलू.

"हे बघ, कंपनीच्या माणसानं मीटर चुकीचं वाचलंय," ईनिड घाईघाईनं म्हणाली. "मी तक्रार करणार आहे."

आणि इथंच बाई फसली. कारण कंपनीच्या माणसानं कित्येक वर्षांत त्या फाटकाच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. आत सार्जंट होता. सार्जंट म्हणजे क्लॅरीनं पाळलेला हंस. दिसायला पांढराशुभ्र आणि स्वभावानं महातिरसट. अनोळखी पोटरी दिसली की चोच मारलीच म्हणून समजा. त्यामुळे मीटरवाला लांबूनच फाटकाला चिठ्ठी अडकवून जायचा, की आकडा तुम्हीच वाचा आणि फोनवर कळवा. नदीकाठच्या निम्म्या घरांत अशीच पद्धत होती. कुठं हंस, कुठं कुत्रा, कुठं नुसताच खडूस म्हातारा. आकडा नेहमी क्लॅरी वाचायचा; ग्रेमला याचा पत्ताच नव्हता. या खेपेला पहिल्यांदाच ईनिडनं वाचला होता आणि तिनंच कळवला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरुण पोरगी होती, बोलायला गोड, पण मुद्दा सोडायला तयार नाही.

"ईनिड, हा आकडा तर तुम्हीच दिलाय आम्हाला."

"मी दिला, पण तुमचं मीटरच बिघडलंय."

"मग तपासायला माणूस पाठवू? मीटर ठीक निघालं तर त्याचे पैसे तुम्हाला भरावे लागतील हं. त्यापेक्षा एकदा पुन्हा वाचून बघता का?"

बघते म्हणून ईनिडनं फोन ठेवला, कोट चढवला आणि सार्जंटला शिव्या घालत घराच्या मागच्या बाजूला गेली. जुनं मीटर. ओळीनं तबकड्या, प्रत्येकीत एक काटा. हजाराच्या तबकडीवरचा काटा आठावर होता. आठावरच, चांगला दिसत होता. म्हणजे बरोबर वाचलं होतं तर! मग खरंच आपण हीटर विसरतो की काय? रात्री बंद केला असं वाटतं आणि केलेलाच नसतो? त्या थंडीत भिंतीला टेकून ती किती तरी वेळ उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची भीती वाटली.

मग तिची नजर शेजारच्या, शेकड्याच्या तबकडीवर गेली. तिथं काटा नवावर. नवावर? म्हणजे शेकडे अजून पुरे व्हायचेत. शेकडे पुरे झाल्याशिवाय हजार कसा पुढं सरकेल? घड्याळात आठाला पाच मिनिटं कमी असली की तासकाटा आठाला टेकलेलाच दिसतो. म्हणून आठ वाजले म्हणतं का कोणी?

"सात!" ती ओरडली. "मेल्या, सातच आहे हे!" सार्जंट दचकून चार पावलं मागं सरला.

एका आकड्यानं हजार युनिट वाढले होते. हीटर वेळच्या वेळी बंद होत होता, तिचं डोकं ठिकाणावर होतं. आनंदानं ती फोनपर्यंत गेली आणि रिसीव्हर उचलता उचलता थबकली. कंपनीला खरं सांगायचं म्हणजे ग्रेमलाही सांगायचं. काय सांगणार? मीटर वाचता आलं नाही, वर तुझ्याशी खोटंही बोलले? म्हणजे हात दाखवून अवलक्षण! आणि गप्प बसावं, तर हीटर विसरणारी म्हातारी ठरतेच आहे. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं फोन केला नाही.

रविवारी ग्रेम आला. घरात शिरल्यावरही त्यानं अंगातलं जाकीट काढलं नाही. दर रविवारी मटण भाजायला पेटणारा ओव्हन आज बंदच होता. टेबलावर मटणाचे थंड काप आणि ब्रेड. त्यानं त्या किंग्स्टनच्या जागेचं माहितीपत्रक खिशातून काढून ताटाशेजारी ठेवलं.

"ते नंतर," ईनिड म्हणाली. "आधी मीटर बघून ये."

तिच्या मनात होतं, हा इंजिनियर, हा बरोबरच वाचेल. कंपनीची चूक म्हणेल, बिल दुरुस्त होईल, आपली झाकली मूठ झाकलेलीच राहील. ग्रेम गेला, आणि पोटरी चोळत परत आला.

"अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ. आई, बिल बरोबर आहे गं." त्याचा आवाज मऊ होता आणि त्या मऊपणानंच तिला चीड आली.

"चल माझ्याबरोबर," तिनं त्याची बाही धरली.

मीटरपाशी तिनं त्याला शेजारची तबकडी दाखवली, आठाला पाच कमी असतानाचं घड्याळ समजावलं. ग्रेम वाकून बघत राहिला. मग कपाळावर हात मारून हसलाच.

"च्यायला, खरंच की! सात. म्हणजे कंपनीच्या त्या माणसानंही माझ्यासारखीच चूक केली. उद्याच फोन करून झाडतो त्यांना!"

झालं. एवढंच तर हवं होतं. आता नुसतं 'हो रे बाबा' म्हणायचं आणि आत जाऊन चहा टाकायचा. ईनिड दोन पावलं दाराकडे गेली आणि परत फिरली.

"माणूसबिणूस कोणी आला नव्हता," ती म्हणाली. "मीच वाचलं, मीच कळवलं. तुला खोटं सांगितलं."

"पण का?"

"कारण हल्ली तू माझ्याकडे मुलासारखा बघतच नाहीस, ग्रेम. चुका मोजणाऱ्या मास्तरासारखा बघतोस. आणि चुकांचा कोटा भरला की माझं घर जाणार."

दोघं आत आली. हात शेकायला म्हणून तो सवयीनं हीटरपाशी गेला, पत्र्याला हात लावला आणि वळला.

"हा कधीपासून बंद आहे?"

"तू फोन केलास त्या रात्रीपासून."

"एवढ्या थंडीत? आई, वेडी आहेस का तू?"

"तेच तर सिद्ध करायचं होतं ना, की मी वेडी नाही म्हणून?"

ग्रेमचा चेहरा उतरला. खाली बसून त्यानं हीटर लावला आणि तसाच तिच्याकडे पाठ करून बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "बाबा गेल्यापासून मला झोप लागत नाही गं. फोन वाजला की वाटतं, तुझंच काहीतरी झालं."

"मग तसं म्हण ना रे, बाळा. मलाही भीती वाटते. पण तुझी भीती घालवायला मी घर सोडायचं, हा कुठला न्याय?"

खोली हळूहळू तापायला लागली. ग्रेमनं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

"किंग्स्टनवाल्यांना काय सांगू?" त्यानं विचारलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिचं मत विचारलं होतं.

"नाही म्हणून सांग."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मला विचार," ईनिड म्हणाली. "मला. बिलाला नको."