मारणाऱ्याचा दुसरा हात

ठमी झोपली की घरात मारामारी सुरू व्हायची.

तीही कुजबुजत. ठमीची आत्या खलनायक व्हायची, ठमीची आई नायिका, आणि दोघी एकमेकींच्या जिवावर उठल्या तरी आवाज पाळण्यापर्यंत जाता कामा नये हा पहिला नियम.

"तुझा शेवट जवळ आलाय," आत्या दात ओठ खाऊन पुटपुटायची.

"ताई, जरा मोठ्याने. माझा शेवट कुठवर आलाय तेच ऐकू येत नाहीये."

मग दोघी तोंडात पदर, ओढणी, हाताला लागेल ते कोंबून हसायच्या.

आत्याने उमेदीची सगळी वर्षं पडण्यात घालवली होती. म्हणजे सिनेमातल्या नायिकांच्या वतीने. जिन्यावरून गडगडायची ती, काचेतून बाहेर पडायची ती, आणि पुढच्या दृश्यात कपाळाला नाजूक पट्टी लावून पडून राहायची ती नायिका. मग एकदा गुडघ्याने कायमचे हात टेकले आणि आत्या धाकट्या भावाकडे राहायला आली. वहिनी, म्हणजे ठमीची आई, घरबसल्या मालिकांचे संवाद लिहायची. एकीला मारामाऱ्या सुचायच्या, दुसरीला माणसं. दोघींनी मिळून सिनेमा लिहायला घेतला, तेव्हा भाऊ म्हणाला, "नणंद-भावजय एका कागदावर? मी मध्ये पडणार नाही बुवा. पडायची सवय ताईला आहे."

वाटणी सरळ होती. नाती वहिनीची, हाणामारी आत्याची. नायिका नदीवर बोट चालवते. वहिनीच्या पानांत तिचा मोठा भाऊ होता, लहानपणी तिला पोहायला शिकवणारा आणि पुढे पोरवयातच रुसून घर सोडून गेलेला. आत्याच्या पानांत एक मुकादम होता, त्याला नायिकेचा बोटीचा धक्का बळकावायचा होता. वहिनी ठमीला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात लिहायची, आत्या पाय लांब करून बाहेरच्या खोलीत. दोघींची पानं एकत्र शिवली आणि दिग्दर्शकाला नेऊन दिली.

दिग्दर्शक माणूस भला. त्यांनी चहा पाजला आणि मगच सांगितलं.

"ह्यात दोन सिनेमे आहेत हो. एकातली बाई रडते, दुसऱ्यातली मारते. दोघींची एकमेकींशी ओळखसुद्धा नाही." मग आत्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रवारी जोडून आणा. नाही जमलं, तर घरातला भाग ठेवू आणि मारामाऱ्या फाइट मास्टर बसवतील. ते नेहमी बसवतात तशा."

येताना बसमध्ये वहिनी तावातावाने म्हणाली, "तुमचं नाव नसेल तर माझंही नको."

"वेडी आहेस का?" आत्या म्हणाली. "माझ्यासाठी तू कशाला पाण्यात उतरतेस?"

बोलली खरी, पण इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या वतीने मार खाल्ला होता आणि पडद्यावर तोंड एकदाही दिसलं नव्हतं. ह्या वेळी निदान नाव दिसेल, असं तिने मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. वहिनीला कळलं होतंच.

गुरुवार उजाडला तरी जोड काही सापडेना. दुपारी ठमी एकदाची झोपली आणि दोघींनी शेवटची मारामारी पुन्हा करून बघायला घेतली. जमिनीवर गादी पसरली, ती झाली बोट. पलंगाच्या पायाचा कोपरा तेवढा जवळ येत होता. मुकादम नायिकेला उचलून आपटतो. आत्याने वहिनीचा खांदा धरला, एक हिसका, आणि वहिनी अलगद गादीवर.

"मेले," वहिनी कुजबुजली. मग तशीच पडून म्हणाली, "ताई, हा हात?"

"कुठला?"

"माझ्या डोक्याखालचा."

आत्याने बघितलं. तिचा डावा हात वहिनीच्या डोक्याखाली होता, बोटं पसरलेली, मागचा भाग पलंगाच्या पायाला घासलेला.

"तो होय! तो धंद्यातला. आमच्यात ज्याला मारायचं त्याचं डोकं मारणाऱ्यानेच सांभाळायचं. कॅमेऱ्याला दिसत नाही असा ठेवतात. चुकून गेला. ऊठ, परत करू."

परत केलं. हात परत तिथेच.

"ताई, तुम्ही खलनायक आहात."

"माहितीये गं!"

आणखी एकदा केलं. ह्या वेळी आत्याने डावा हात कमरेमागे ओढणीत गुंडाळून ठेवला, तर वहिनी पडता पडता तो ओढणीसकट बाहेर आला. आत्या कपाळाला हात लावून बसली.

"नाही जमत मला. हाडात मुरलंय. कसली मी मारामारी लिहिणार, मला धड वाईट वागता येत नाही."

वहिनी उठली नाही. छताकडे बघत राहिली.

"ताई, समजा मुकादमालाही जमलं नाही तर?"

"काय?"

"समजा त्याने तिला आपटलं आणि त्याचा हात असाच गेला. आपोआप. तर तो तिचा कोण?"

आत्याच्या डोळ्यांसमोर एक मुलगा उभा राहिला, बहिणीला धक्क्यावरून पाण्यात उडी मारायला शिकवणारा, दगड लागू नये म्हणून तिच्या डोक्यामागे हात धरणारा.

"भाऊ!" दोघी एकदम ओरडल्या.

पाळण्यातून भोंगा सुरू झाला.

मग काय विचारता! घर सोडून गेलेला भाऊ हाच मुकादम, हे महिनाभर एका छपराखाली लिहून दोघींनाही दिसलं नव्हतं, कारण एकीने दुसरीच्या पानांत नाक खुपसायचं नाही असा दोघींचा शहाणपणा. आता ठमी वहिनीच्या कडेवर, मग आत्याच्या पायांवर, मग लवकर घरी आलेल्या बापाच्या खांद्यावर. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा ठोसा लिहिला. आत्याच्या वाट्याला लहानपणाचं दृश्य आलं.

"मला बोलणं लिहिता येत नाही," आत्या कुरकुरली.

"मग बोलायला लावू नका कुणाला. उडी मारायला लावा."

आत्याने उडी लिहिली. एका शब्दाचा संवाद नाही. वाचून वहिनीने नाक पुसलं आणि ठमीवर सर्दी दिल्याचा आरोप केला.

शुक्रवारी दिग्दर्शकाच्या खोलीत वहिनीने वाचायला सुरुवात केली. ठमीचा बाप तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत होता. आत्या आखडलेला पाय खुर्चीखालून पुढे काढून बसली होती, हात मांडीवर घट्ट. वाचता वाचता त्या हातापाशी आल्यावर दिग्दर्शकांनी बोट वर केलं.

"थांबा. हा हात तिला कळतो?"

वहिनीने आत्याकडे बघितलं. हे दोघींचं ठरलंच नव्हतं.

"कळतो," आत्या म्हणाली. "कितीदा पडलेय मी. डोक्याखाली कुणाचा हात आहे ते पाठ टेकायच्या आधी कळतं."

"मग ती त्याला मारत नाही?"

"मारते की! धक्का तिचा आहे, असा कसा देईल? ती उठते आणि त्याला नदीत ढकलते. पण ढकलायच्या आधी बघून घेते, पाणी किती खोल आहे."

दिग्दर्शकांनी पानं चाळली. "हे इथे लिहिलेलं नाही."

"आत्ता सुचलं."

दिग्दर्शक खुर्चीत मागे रेलले. मग हसले.

"फाइट मास्टरना मी सांगतो, मारामारी लेखिकाबाई बसवतील, तुम्ही फक्त माणसं आणा. ते पाण्याचं तेवढं लिहून टाका. आत्ताच लिहा, नाहीतर विसराल."

'लेखिकाबाई' हा शब्द आपल्याला उद्देशून आहे, हे आत्याला वहिनीने टेबलाखालून चिमटा काढला तेव्हा कळलं. तिने कागद पुढे ओढला. बाहेर ठमी किंचाळत होती, बाप तिला गप्प करायला स्वतःच जास्त आवाज करत होता. आत्याने दोन ओळी लिहिल्या आणि थांबली.

"वहिनी, पाणी गळ्याएवढं की कमरेएवढं?"

"कमरेएवढं," वहिनी म्हणाली. "भाऊ आहे ना तो."

आत्याने तसंच लिहिलं.