द्वारकाबाईंच्या हातातली झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. शहागंजातल्या एका कारागिराने मला घडवले. एखाद्या बागेत मोगऱ्याला पाणी घालावे, एवढीच माझी इच्छा होती. पण मी आले औरंगाबादजवळच्या बाजरी संशोधनाच्या शेतावर, आणि माझ्या पोटात रोग भरला जाऊ लागला!

बाजरीवर गोसावी नावाचा रोग पडतो. मग कणसात दाण्यांऐवजी नुसता पानांचा झुपका येतो. तिथले तरुण संशोधक सर्जेराव रोगट पाने धुतलेले पाणी नव्या वाणांच्या रोपांवर शिंपडायला लावत. त्यातून जे वाण तगेल, त्याचेच बियाणे शेतकऱ्यांना द्यायचे. शिंपडायचे काम द्वारकाबाईंचे.

एके सकाळी त्यांनी तुलनेसाठी कडेला लावलेल्या जुन्या वाणाला ते पाणी घातले. नव्या रोपांपाशी मात्र थबकल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी मला उपडे केले, विसळले आणि हौदावर भरून आणले.

"लेकरावानी रोपं हायेत. ह्यांच्यावर इख नाय घालायची मी," त्या पुटपुटल्या.

खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले.

पुढे जुने वाण रोगाने गेले, नवे सगळे हिरवेगार राहिले. सर्जेराव हरखले. "द्वारकाबाई, सगळेच वाण पास! आता बियाणं गावोगाव देऊ. आधी तुमच्या गावाला!"

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. दुपारी त्या सर्जेरावांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, नव्या रोपांवर हौदाचं पाणी मारलं मी. रोगाचं नाय."

सर्जेरावांनी स्टूल पुढे सरकवले. मग म्हणाले, "आधी बसा. असं का केलंत?"

"गेल्या साली माझं सारं रान गोसाव्यानं नेलं. माझ्या हातानं रोपांवर रोग टाकवंना, साहेब."

"आणि हे बियाणं पेरून गावाचं रान गेलं असतं तर?"

"म्हणून तर सांगाया आले. काढा मला कामावरून."

"काढतो कशाला? चिकलठाण्याला कारखाने झाल्यापासून इथं माणूस कुठं मिळतंय? चला, परत पेरू."

पुन्हा पेरणी झाली. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. एसटी बंद पडली. तरी द्वारकाबाई रानातल्या पाऊलवाटेने रोज चालत आल्या. माझी मूठ घट्ट धरून या वेळी त्यांनी एकही रोप चुकवले नाही.

या खेपेला बहुतेक ओळी रोगाने गेल्या. दोनच ओळी टिकल्या. द्वारकाबाईंनी त्यांच्या कणसांवरून हात फिरवला. "साहेब, हे खरं हिरवं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत हसल्या.

आज माझा तळ गंजला आहे. तरी तक्रार नाही. चांगल्या माणसांच्या हातात माझे आयुष्य गेले. मित्रांनो, आपली चूक सांगायला मोठे धाडस लागते. कुणी तशी सांगायला आले, तर रागावण्याआधी त्याला बसायला सांगा आणि त्याचे सगळे ऐकून घ्या.